गुलाबाच्या आधी ३२ सेंट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या महिला दिन विशेष पुरवणीत अमेरिकेतल्या लॉरेन्स गावच्या १९१२ च्या गिरणी संपावर अर्धं पान लेख आला. मराठी पेपरात या संपाला एवढी जागा मिळालेली मी पहिल्यांदाच पाहिली. लेख आला याचा आनंद झाला, म्हणूनच हे पत्र लिहायला बसले आहे.

लेखात म्हटलं आहे की संपकरी बायका ‘आम्हाला पाव हवा आणि गुलाबही हवेत’ असा फलक घेऊन रस्त्यावर उतरल्या. ही गोष्ट जगभर सांगितली जाते. पण त्या वेळच्या बातम्यांत किंवा फोटोंत असा फलक कुठे सापडलेला नाही. ज्या कवितेमुळे हे शब्द गाजले, ती डिसेंबर १९११ मध्ये एका अमेरिकन मासिकात छापून आली होती. म्हणजे संपाला सुरुवात होण्याच्या महिनाभर आधी. घोषणा त्याहून जुनी, बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतली. ती लॉरेन्सच्या संपाला मागाहून चिकटली. आज त्या गावाने स्वतःच ‘ब्रेड अँड रोझेस’ (पाव आणि गुलाब) हे नाव आपलंसं केलं आहे, दर सप्टेंबरात त्याच नावाने तिथे उत्सव भरतो. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की गुलाबांना तीन परिच्छेद मिळाले आणि ज्या ३२ सेंटांसाठी हजारो माणसं ऐन थंडीत बाहेर पडली, त्यांचा लेखात उल्लेखही नाही.

मी साचेवाल्याची मुलगी आहे. काळाचौकीत वाढले. वडील एका गिरणीत विव्हिंग खात्यात साचे, म्हणजे माग, चालवायचे. पगारातून किती कापलं गेलं हे आमच्या घरात पाकीट उघडायच्या आधीच कळायचं, कारण वडील चपला काढताना बोलत नसत. त्यामुळे ३२ सेंटांची गोष्ट मला नीट सांगावीशी वाटते.

मॅसॅच्युसेट्स राज्याने तेव्हा एक चांगला कायदा केला होता. बायका आणि १८ वर्षांखालच्या मुलांनी आठवड्याला ५६ ऐवजी ५४ तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही. १ जानेवारी १९१२ पासून तो लागू झाला. लॉरेन्सच्या गिरण्यांत बायका आणि पोरं इतकी होती की त्यांच्याशिवाय खाती चालणंच शक्य नव्हतं, त्यामुळे पुरुषांचेही तास कमी झाले. सुधारणा झाली, असं कागदावर म्हणता येईल. याआधी ५८ चे ५६ तास झाले तेव्हा मालकांनी पगार कमी केला नव्हता. म्हणून या वेळीही तसंच होईल असं कामगार धरून चालले होते. विचारायला गेले तर धड उत्तर मिळेना.

११ जानेवारीला एव्हरेट गिरणीतल्या पोलिश बायकांनी पगाराची पाकिटं उघडली. दोन तासांचे पैसे गायब होते. सरासरी ३२ सेंट. आठवड्याची सरासरी कमाई होती पावणेनऊ डॉलरच्या आसपास, आणि ज्या बायका-पोरांना त्याहून कितीतरी कमी मिळायचं, त्यांच्या घरी ही काही दिवसांच्या पावाची किंमत होती. त्या बायकांनी साचे थांबवले आणि त्या बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टन गिरणीत इटालियन कामगारांना तेच दिसलं. पगार कमी आला, पगार कमी आला, असं ओरडत ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात धावले. यंत्रांचे पट्टे कापले, सूत तोडलं. बघता बघता गावातल्या २० हजारांहून जास्त कामगारांनी काम बंद केलं. गावची वस्ती तेव्हा सुमारे ८६ हजार. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घर संपात होतं.

आपल्या लेखात या काळाला ‘सुधारणांचं युग’ म्हटलं आहे. तो शब्द चुकीचा नाही. पण तास कमी करणारा कायदा झाला आणि त्याची किंमत मालकाने कामगाराच्या पाकिटातून वसूल केली, यंत्रांचा वेग मात्र वाढवला, ही सुधारणेचीच दुसरी बाजू आहे. लॉरेन्समध्ये संप पेटला तो वाईट कायद्यामुळे नव्हे, चांगल्या कायद्यामुळे. हे वाक्य लेखात असतं तर वाचकाला त्या काळाची खरी ओळख झाली असती.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे गेले होते. ती बॉस्टनजवळ राहते. तिथून लॉरेन्स जवळच आहे. एका रविवारी जावयाने गाडीने नेलं. मेरिमॅक नदी, तिच्यावरचा १८४८ चा दगडी बांध, कालवा, आणि कालव्याच्या काठाने लाल विटांच्या गिरण्या, एकीला लागून दुसरी. एअर गिरणीच्या मनोऱ्यावरचं घड्याळ गावात कुठूनही दिसतं. मला परळ-लालबागची आठवण होणार हे लेकीला माहीत होतं, म्हणून ती गप्प राहिली. आपल्याकडे चिमण्या पाडून टॉवर उभे राहिले. तिथे निदान भिंती उभ्या आहेत. गिरणी कामगार राहायचे अशा एका जुन्या वसतिगृहाचं आता संग्रहालय केलं आहे. तिथे मी दोन तास होते. त्यानंतर मुंबईत परतल्यावर जमेल तेवढं वाचत गेले.

या संपाला पुढारी बाहेरून आले हे खरं, ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या युनियनचे. जोसेफ एटर, कवी आर्तुरो जोव्हानिट्टी, मागून बिल हेवूड आणि जेमतेम एकवीस वर्षांची एलिझाबेथ गर्ली फ्लिन. पण संप चालवला गावातल्या माणसांनी. इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सीरियन, फ्रेंच-बेल्जियन, जर्मन, आर्मेनियन, कितीतरी भाषा. १४ समाजांचे प्रत्येकी चार असे ५६ जणांची संप समिती होती. सभेत एकाच भाषणाचे कितीतरी भाषांत तर्जुमे व्हायचे. ज्याच्या त्याच्या समाजाचं स्वयंपाकघर वेगळं, शिधा वाटप वेगळं. आपल्या चाळीत जशा गावकीच्या खोल्या असायच्या, एका गावची पंधरा-वीस माणसं एका खोलीत आणि जेवण खानावळीत, तसंच काहीसं असावं. मालकांचा भरवसा होता की एवढ्या भाषांची माणसं एक होणार नाहीत.

गिरणीसमोर उभं राहायला बंदी केली, तेव्हा संपकऱ्यांनी उभं राहणंच सोडलं. गिरण्यांच्या सगळ्या भागाला वेढा घालत हजारो माणसं साखळी करून अखंड चालत राहिली. जानेवारीत पुलावर त्यांच्यावर बंबाने पाणी मारलं गेलं. त्या भागातली जानेवारी म्हणजे नदी गोठलेली असते. ओले कपडे अंगावर कडक होतात. सैन्य बोलावलं, त्यात हार्वर्डची मुलंही बंदुका घेऊन आली होती.

२९ जानेवारीला ॲना लोपिझो ही इटालियन बाई गोळी लागून मेली. दुसऱ्या दिवशी जॉन रॅमी हा सीरियन तरुण सैनिकाच्या संगिनीने मेला. ॲनाच्या खुनाबद्दल एटर आणि जोव्हानिट्टी यांनाच पकडलं. ते दोघे त्या वेळी दोन-तीन मैल लांब सभेत होते. नोव्हेंबरच्या शेवटी निर्दोष सुटेपर्यंत ते तुरुंगात राहिले. त्याच सुमारास गावात तीन ठिकाणी डायनामाइट सापडलं आणि संपकऱ्यांवर आळ आला. तपासात निघालं की ते गावच्या शाळा समितीतल्या एका प्रतिष्ठित माणसाने आणून ठेवलं होतं. त्याला शिक्षा झाली ५०० डॉलर दंडाची. बस, तेवढीच. ॲनाच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला मात्र २००० साल उजाडलं.

आता मुलांविषयी. आपल्या लेखात ‘काही मुलांना सुरक्षित ठिकाणी हलवण्यात आलं’ असं अर्धं वाक्य आहे. या अर्ध्या वाक्यासाठीच मी खरं तर हे पत्र लिहिते आहे.

घरात खायला नव्हतं. युरोपातल्या संपांत चालत आलेली एक रीत इटालियन कामगारांना माहीत होती. संप लांबला की मुलांना दुसऱ्या गावच्या कामगारांच्या घरी पाठवायचं. १० फेब्रुवारीला ११९ मुलं रेल्वेने न्यूयॉर्कला गेली. स्टेशनवर त्यांना घ्यायला हजारोंची गर्दी जमली. मुलांबरोबर मार्गारेट सँगर नावाची नर्स होती. पुढे तिने राजधानी वॉशिंग्टनला खासदारांपुढे साक्ष दिली. त्या ११९ मुलांपैकी फक्त चार जणांच्या अंगात आतले कपडे होते, असं तिने सांगितलं. या मुलांचे आईबाप देशातलं लोकरीचं कापड विणत होते. लोकरीवर जबर आयात कर होता, आणि तो अमेरिकन कामगाराच्या भल्यासाठी आहे असं सांगितलं जायचं.

गावची अब्रू जायला लागली तेव्हा पोलिसांनी हुकूम काढला की यापुढे एकही मूल गावाबाहेर जाणार नाही. २४ फेब्रुवारीला फिलाडेल्फियाला निघालेली सुमारे ४० मुलं आयांबरोबर स्टेशनवर आली. पोलिसांनी आयांना लाठ्यांनी मारलं, मुलांपासून ओढून काढलं आणि गाडीत कोंबून ठाण्यावर नेलं. वार्ताहर समोरच होते. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या देशाने वाचलं. तिथून संपाचं पारडं फिरलं. मिलवॉकीचे समाजवादी खासदार व्हिक्टर बर्गर यांनी चौकशीची मागणी लावून धरली आणि मार्चच्या सुरुवातीला लॉरेन्सची पोरं खासदारांच्या समितीपुढे बसली. राष्ट्राध्यक्षांची पत्नी हेलन टाफ्ट ऐकायला येऊन बसली होती.

मी तिसरीत होते तेव्हा आमच्याकडचा संप सुरू झाला. १८ जानेवारी १९८२. अडीच लाख माणसं. मे महिन्यात आईने मला आणि धाकट्या भावाला परळ डेपोतून एसटीत बसवलं आणि संगमेश्वरजवळ आजीकडे पाठवलं. ‘सुट्टी आहे ना, जाऊन या’ म्हणाली. शाळा सुरू झाली तरी न्यायला कोणी आलं नाही. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घातलं. दीड वर्षाने परत आले तेव्हा घरातला पितळी हंडा नव्हता, दोन पातेली नव्हती, आणि आई दादरला तीन घरी भांडी घासत होती. निघायच्या दिवशी तिने माझ्या दोन वेण्या इतक्या घट्ट घातल्या होत्या की कपाळ ओढलं जात होतं. मी रडले तर म्हणाली, गावी कोण घालणार आहे, चार दिवस तरी टिकू देत. आजीने त्या पाचव्या दिवशी सोडल्या.

त्यामुळे ‘काही मुलांना हलवण्यात आलं’ हे वाक्य मला वाचवेना. मुलं हलवली जात नाहीत. आई त्यांना पाठवते, आणि स्टँडवर उभी राहते.

त्या समितीपुढे कॅमेला टिओली नावाची चौदा वर्षांची मुलगी बोलली. तिची साक्ष आजही जशीच्या तशी वाचायला मिळते. तिच्या घरी एक माणूस आला आणि बापाला म्हणाला, मुलगी कामाला का जात नाही? बाप म्हणाला, ती तेरा वर्षांची की चौदा, मला नक्की माहीत नाही. चौदाच्या आत काम देता येत नव्हतं. त्या माणसाने सांगितलं, मला चार डॉलर द्या, मायदेशातून ती चौदाची असल्याचे कागद आणवतो. बापाने चार डॉलर दिले. महिन्याने कागद आले. ती कामाला लागली. दोनेक आठवड्यांतच तिचे केस यंत्रात अडकले आणि डोक्याची कातडी सोलून निघाली. सात महिने ती इस्पितळात होती. कंपनीने इस्पितळाचं बिल भरलं, पण त्या सात महिन्यांचा पगार दिला नाही. साक्षीच्या वेळीही तिच्यावर उपचार चालू होते. एवढं होऊनही ती परत कामाला लागली होती आणि संपात होती. संपात का आलीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, घरी पुरेसं खायला मिळत नव्हतं म्हणून.

हे बोलणं झाल्यावर मालकांना फार दिवस ताणता आलं नाही. सगळ्यात मोठ्या अमेरिकन वुलन कंपनीचा अध्यक्ष विल्यम वुड हा स्वतः पोर्तुगीज बेटांवरून आलेल्या माणसाचा मुलगा, बाप गेल्यावर शाळा सोडून गिरणीत लागलेला. १२ मार्चला त्याच्या कंपनीने मागण्या मान्य केल्या. ज्याचा पगार सगळ्यात कमी त्याला वाढ सगळ्यात जास्त, अशी रचना होती, वरच्यांना ५ टक्के तर खालच्यांना २० टक्के आणि त्याहून अधिक. जादा तासांना सव्वापट दर. महिनाभर एकही खाडा न करता ठरलेलं काम उरकलं तरच मिळणारा बोनस आता दर पंधरा दिवसांनी मिळू लागला. १४ मार्चला मैदानातल्या सभेत हात वर करून संप मागे घेतला. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य भागातल्या, दुसऱ्या गिरण्यांनीही धसका घेऊन पगार वाढवले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने बायका आणि मुलांसाठी किमान वेतनाचा कायदा केला, तो अमेरिकेतला पहिला.

लेख इथे ‘विजय’ म्हणून थांबतो. पुढचं थोडक्यात सांगते. वर्ष-दीड वर्षात ती युनियन गावात नावापुरती राहिली. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. लॉरेन्सच्या गिरण्यांत लष्कराचं कापड आणि कांबळी रात्रंदिवस विणली जाऊ लागली. त्याच वर्षी जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा आला आणि सप्टेंबरात त्याच युनियनच्या देशभरच्या कचेऱ्यांवर एकाच दिवशी धाडी पडल्या. हेवूडला वीस वर्षांची शिक्षा झाली. तो जामिनावर असताना रशियाला निघून गेला आणि तिकडेच वारला. लढाई संपली, लष्कराच्या ऑर्डरी थांबल्या, आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये लॉरेन्सचे कामगार पुन्हा बाहेर आले. या वेळी मागणी होती काम ४८ तासांचं आणि पगार ५४ तासांचा. सात वर्षांनी पुन्हा तोच हिशोब, तास कमी झाले तर त्याचे पैसे कोणी सोसायचे. मे महिन्यात १५ टक्के वाढ घेऊन ते आत गेले.

कॅमेलाबद्दल आणखी एक गोष्ट राहिली. ती पुढे लॉरेन्समध्येच राहिली, लग्न केलं, म्हातारी झाली. १९७० नंतरच्या दशकात एक पत्रकार तिच्या शोधात गावात आला. ती तेव्हा वारली होती. त्याला तिची मुलगी भेटली. ती रोज आईचे केस विंचरून अंबाडा घालून द्यायची, डोक्यावरची केस नसलेली जागा झाकली जाईल असा. आई गिरणीत जखमी झाली होती एवढंच तिला माहीत होतं. आई संपात होती, राजधानीत जाऊन खासदारांपुढे बोलली होती, हे आईने तिला कधी सांगितलं नव्हतं.

लॉरेन्सहून आल्यावर मी माझ्या आईला विचारलं. ती आता ८१ वर्षांची आहे. म्हटलं, तेव्हा आम्हाला गावी पाठवलंस, तर काय खात होतीस? ती म्हणाली, ‘तुझ्या बापाला विचार.’ वडील जाऊन बारा वर्षं झाली. मग ती उठून देवापाशी दिवा लावायला गेली. मी परत विचारलं नाही.

संपादक महाराज, पुढच्या महिला दिनाला गुलाबाचं चित्र छापायला माझी हरकत नाही. पण त्याच पानावर कॅमेलाची साक्ष मराठीत करून द्यावी, एवढी विनंती आहे. दोन कॉलमांत बसेल. भाषांतराला माणूस मिळत नसेल तर मी करून देईन, मानधन नको. आणि या खेपेला लेखात राहिलेली तीन नावं दुरुस्तीच्या चौकटीत तरी यावीत: ॲना लोपिझो, जॉन रॅमी, कॅमेला टिओली.

आपली नम्र,
एका साचेवाल्याची मुलगी
काळाचौकी, मुंबई